देवाच्या घराण्यात वंशावळ का चालत नाही?

बारावीचा निकाल लागला की विदर्भातल्या तहसील कार्यालयांसमोर कागदांच्या पिशव्या घेतलेले आईबाप दिसू लागतात. मुलाला अभियांत्रिकीला किंवा मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा असतो आणि त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. मग आजोबांच्या शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर, पणजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातली नोंद, जुन्या बंदोबस्ताची नक्कल अशी शोधाशोध सुरू होते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. नोंद मोडीत निघाली तर ती वाचणारा माणूस गाठावा लागतो. शेवटी शपथपत्रावर वंशावळ काढली जाते. सर्वांत वर खापरपणजोबांचे नाव असते आणि सर्वांत खाली, उजव्या कोपऱ्यात कुठेतरी, अर्जदाराचे. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेनंतर तर हा कागद ज्यांना पूर्वी कधी लागला नव्हता त्यांच्याही बोलण्यात आला आहे.

ज्या गावात आठवडाभर ही धावपळ चालते, त्याच गावातल्या लहानशा चर्चमध्ये रविवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला जातो. देवाची मुले होण्याचा अधिकार रक्ताने किंवा पुरुषाच्या इच्छेने मिळत नाही, जे ख्रिस्ताचा स्वीकार करतात आणि त्याच्या नावावर विश्वास ठेवतात त्यांना तो दिला जातो, असे तिथे म्हटले आहे. वाक्य ऐकायला सोपे आहे. पण ते गंभीरपणे घेतले की प्रश्नांची रांग लागते. मग बायबलमध्ये पानेच्या पाने वंशावळी कशाला? ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेले मूल ख्रिस्ती असते की नसते? आणि चर्चमधली माणसे सोयरीक जुळवताना जात का विचारतात? हे प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारले आहेत, चर्चमधल्या तरुणांनीही विचारले आहेत, आणि त्यांना नीट उत्तर मिळायला हवे असे मला मनापासून वाटते.

अब्राहाम कोण, आणि सगळे त्याच्यापाशी का येऊन थांबते?

बायबलचे दोन भाग आहेत. जुना करार हा यहुदी लोकांचाही पवित्र ग्रंथ आहे, तर नवा करार येशू आणि त्याचे पहिले अनुयायी यांच्याविषयी आहे. येथे करार म्हणजे देवाने आपण होऊन माणसांशी जोडलेले आणि वचन देऊन बांधून घेतलेले नाते. यहुदी लोक ज्याला आपला मूळ पुरुष मानतात तो अब्राहाम या नात्याच्या आरंभी उभा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव त्याला घरदार आणि भाऊबंद सोडून निघायला सांगतो आणि त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळेल असे वचन देतो. तेव्हा त्याला मूलबाळ नव्हते आणि वय उतरणीला लागले होते. पंधराव्या अध्यायात देव त्याला रात्री बाहेर नेऊन तारे मोजायला लावतो आणि इतकी तुझी संतती होईल असे सांगतो. अब्राहामाने त्यावर विश्वास ठेवला आणि देवाने तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून त्याच्या नावे मांडला, असे ते वचन आहे.

नीतिमान ठरणे हा शब्दप्रयोग ख्रिस्ती लिखाणात वारंवार येतो. त्याचा अर्थ एवढाच की देवाने एखाद्याला आपल्याशी योग्य नात्यात असलेला म्हणून मान्य करणे. हा निर्णय देवाचा असतो आणि माणसाने कमावलेल्या गुणांची बेरीज करून तो होत नाही.

यानंतर सतराव्या अध्यायात सुंतेची आज्ञा येते. सुंता म्हणजे पुरुषाच्या जननेंद्रियावरील त्वचेचा भाग काढण्याचा विधी. यहुदी कुळातला मुलगा आठव्या दिवशी या विधीने करारात गणला जाई, आणि बाहेरच्या पुरुषाला त्या समाजात यायचे असेल तर त्यालाही तो करावा लागे. अब्राहामाची स्वतःची सुंता झाली तेव्हा तो 99 वर्षांचा होता. त्याचा पहिला मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा तो 86 वर्षांचा होता, आणि ताऱ्यांची ती रात्र त्याही आधीची आहे. म्हणजे देवाने अब्राहामाला नीतिमान म्हटले ते सुंतेच्या किमान तेरा वर्षे आधी. ख्रिस्ती विश्वासाचा आरंभीचा प्रचारक, प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातला सारा युक्तिवाद या क्रमावर उभा आहे. अब्राहाम देवाचा झाला तेव्हा त्याच्या अंगावर खूण नव्हती, मोशेचे नियमशास्त्र, म्हणजे देवाने मोशेद्वारे यहुद्यांना दिलेल्या आज्ञा, तर अजून शतके दूर होते. मग जो कोणी त्याच्यासारखा देवाच्या वचनावर विसंबतो त्याचा अब्राहाम बाप ठरतो, त्या माणसाची सुंता झालेली असो वा नसो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हेच आणखी स्पष्ट मांडतो: जे ख्रिस्ताचे आहेत ते अब्राहामाचे संतान आणि वचनाप्रमाणे वारस आहेत.

हे लिहिणाऱ्या पौलाची स्वतःची वंशावळ उत्तम होती. आपण इस्राएल वंशाचे, बन्यामीनाच्या कुळातले, आठव्या दिवशी सुंता झालेले आणि पंथाने परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे, आहोत, हे त्याने फिलिप्पैकरांस नमूद केले आहे, आणि ख्रिस्तापुढे हे सारे आपण तोटाच मानले असे लगेच पुढे लिहिले आहे. ज्याच्याकडे दाखवायला काही नाही त्याने वंशाचे महत्त्व नाकारले तर लोक त्याला स्वार्थ म्हणतील. पौलाबद्दल तसे म्हणण्याची सोय नाही, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. यहुदी धर्म म्हणजे निव्वळ रक्ताचा अभिमान, अशी मांडणी काही उपदेशांतून होते आणि ती अन्यायाची आहे. परक्या माणसाला आत घेण्याची वाट त्या परंपरेतही होती. अब्राहामाचे वंशज एवढ्यावर विसंबू नका, देव या धोंड्यांतूनही अब्राहामाला मुले उत्पन्न करू शकतो, असे यार्देन नदीकाठी बजावणारा बाप्तिस्मा करणारा योहान स्वतः याजकाच्या घरातला यहुदीच होता. हा वाद आरंभी यहुद्यांनी यहुद्यांशी घातलेला घरचा वाद आहे.

विश्वास म्हणजे नेमके काय?

देव आहे असे मानणे म्हणजे विश्वास, हा समज अपुरा आहे. नव्या करारातला विश्वास म्हणजे कोणावर तरी भार टाकणे. येशू ख्रिस्ताच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने देवाने आपल्याला क्षमा करून जवळ घेतले आहे, या वचनावर माणूस आपले सगळे जीवन टाकतो. त्यात बुद्धीची मान्यता आहे, मनाचा ओढा आहे आणि वाट बदलणेही आहे. तो एखाद्या घराण्याच्या मालकीचा असू शकत नाही, कारण भार ज्याचा त्यालाच टाकावा लागतो. बापाने टाकलेला भार मुलाच्या उपयोगी पडत नाही. आणि ज्याचा बाप देवाच्या नावाने खडे फोडत होता, त्याच्या मुलालाही त्यामुळे अडवले जात नाही.

जेवणावरून झालेले भांडण

हा सिद्धांत कुणा पंडिताने शांत खोलीत बसून लिहिलेला नाही. तो जेवणाच्या जागी झालेल्या भांडणातून घासून निघाला आहे, आणि विदर्भातल्या वाचकाला त्या भांडणाचे मर्म समजावून सांगण्याची गरज पडू नये. पंगतीला कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोणाला आधी वाढले जाते आणि कोणाचे पान अंगणात मांडले जाते, यावरून गावात माणसाची किंमत ठरत आली आहे.

अंत्युखिया हे सीरिया प्रांतातले मोठे शहर. आज ते तुर्कस्तानात आहे आणि अंताक्या म्हणून ओळखले जाते. येशूच्या शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा याच शहरात पडले. तिथल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, यहुदी होते आणि परराष्ट्रीयही होते. परराष्ट्रीय म्हणजे यहुदी नसलेला कोणीही. हे सगळे एकत्र जेवत. परक्यांच्या घरचे अन्न, ते शिजवण्याची रीत, मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाची शंका, या कारणांनी सोवळे पाळणारे यहुदी परराष्ट्रीयांबरोबर जेवणे टाळत, त्यामुळे ही साधी गोष्ट नव्हती. येशूचा प्रमुख शिष्य पेत्र तिथे आला तेव्हा तोही त्यांच्याबरोबर जेवू लागला. त्याला हे नवीनही नव्हते, कारण कैसरियात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जाऊन त्याने त्या साऱ्या घराला बाप्तिस्मा देवविला होता आणि देव पक्षपाती नाही हे आपल्याला कळले असे तोंडाने सांगितले होते.

मग यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली. पेत्र हळूहळू मागे सरकला आणि वेगळा बसू लागला. त्याने शिकवण बदलली नाही, कोणाला वाईट बोलला नाही, फक्त उठून दुसरीकडे बसला. त्याचे पाहून बाकीचे यहुदी विश्वासणारेही तसेच करू लागले, पौलाचा जुना सोबती बर्णबादेखील त्यात ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर तोंडावर सुनावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याने स्वतः हे सांगितले आहे आणि पेत्राच्या वागण्याला ढोंग म्हटले आहे.

एवढ्या तेवढ्या गोष्टीवरून इतका संताप कशाला, असे वाचणाऱ्याला वाटू शकते. पण पौलाला दिसले ते असे: जे परराष्ट्रीय त्या ताटावर एकटे उरले, त्यांना न बोलता सांगितले गेले की ख्रिस्तावरचा विश्वास तुम्हाला आत आणतो खरा, पण पुरते आत यायचे तर तुम्हाला आमच्या कुळाचे व्हावे लागेल. ख्रिस्ताने जे दिले ते अपुरे आहे, असा त्याचा अर्थ झाला. विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयीची त्याची प्रसिद्ध वाक्ये या प्रसंगाला लागूनच येतात, हे आपल्याकडच्या उपदेशांत फारसे सांगितले जात नाही, आणि ते सांगितले जावे असे मला वाटते. सिद्धांत पाठ असणारा माणूसही पंगतीत उठून जाऊ शकतो, आणि त्याचे उठून जाणे हेच त्याचे खरे मत ठरते.

इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि वडीलमंडळ याच प्रश्नावर एकत्र बसले. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे ओझे लादायचे नाही, असा तिथे निर्णय झाला. मूर्तींना अर्पिलेले, रक्त आणि गुदमरून मारलेल्या प्राण्याचे मांस टाळावे आणि जारकर्मापासून दूर राहावे, एवढेच त्यांना कळवण्यात आले. ख्रिस्ती विश्वास एका समाजापुरता न राहता सगळीकडे पसरू शकला, त्याचे मोठे कारण हा निर्णय आहे.

घराबाहेरचा माणूस वारस कसा होतो?

हे नाते समजावताना पौल दत्तक घेण्याची भाषा वापरतो. त्याच्या वाचकांना ती परिचित होती. सम्राट ऑगस्टसने इ.स. 4 मध्ये टायबेरियसला दत्तक घेतले आणि पुढे तोच गादीवर बसला. येशू वधस्तंभावर गेला तेव्हा राज्य या दत्तकपुत्राचेच होते. रोमी कायद्यात असा मुलगा नव्या घराचे नाव, देवघर आणि वारसा पूर्णपणे मिळवी. नागपूरकरांना दत्तकाच्या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले पुत्राविना वारले आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क बाजूला सारून राज्य खालसा केले. औरस संतती नाही म्हणून वारस नाही, हा कंपनी सरकारचा हिशेब होता. पौलाच्या म्हणण्याप्रमाणे देवाच्या घरात याच्या नेमके उलट आहे. तिथे ख्रिस्त हा एकच औरस पुत्र आहे आणि बाकी सर्वजण, यहुदी असोत वा परराष्ट्रीय, त्याच्यामुळे दत्तक गेलेले आहेत. थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे असा भेद मग उरत नाही.

मग येशूची वंशावळ का दिली आहे?

हा आक्षेप रास्त आहे. नवा करार उघडला की मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात अब्राहामापासून येशूपर्यंतची नावे येतात, चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत मांडलेली. देवाने अब्राहामाला आणि दावीद राजाला दिलेली वचने पाळली, हे दाखवणे हा तिचा हेतू आहे. वचन एका घराण्यातून पुढे आले, पण ते त्या घराण्यापुरते नव्हते.

ही यादी सावकाश वाचली की तिच्यातच एक उत्तर सापडते. पुरुषांच्या नावांत मरियेच्या आधी चार स्त्रिया आल्या आहेत: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. राहाब यरीहोची कनानी वेश्या होती. रूथ मवाबी होती, आणि मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये असे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात लिहिलेले होते. हीच रूथ सासूबरोबर बेथलेहेमात आली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून पोट भरू लागली, आणि दावीद राजाची पणजी झाली. वंशावळ देताना लोक सहसा अडचणीची नावे गाळतात. मत्तयाने ती मुद्दाम लिहून ठेवली.

यहुद्यांना देवाने टाकून दिले काय?

पौलाचे उत्तर ठाम नकाराचे आहे. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तो जैतुनाच्या झाडाला केलेल्या कलमाचा दाखला देतो. वरूड, मोर्शी, शेंदुरजनाघाट या भागातल्या संत्रा उत्पादकांना तो चटकन कळेल. रोपवाटिकेत जंबेरीचे खुंट वाढवतात. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला चीर देऊन चांगल्या झाडावरच्या संत्र्याचा डोळा त्यात बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. डोळा फुटला की जंबेरीचा वरचा भाग छाटून टाकतात. मूळ जंबेरीचे राहते, पण फळ संत्र्याचे येते, म्हणून जोडाखाली फुटवा दिसला की शेतकरी तो लगेच काढतो.

पौल मात्र हा व्यवहार उलटा करून सांगतो आणि तो निसर्गाविरुद्ध आहे हे स्वतःच कबूल करतो. त्याच्या दाखल्यात मूळ उत्तम आहे, कारण ते अब्राहाम आणि त्याला दिलेल्या वचनांचे आहे, आणि रानटी फांदी म्हणजे परराष्ट्रीय विश्वासणारे त्यावर बांधले गेले आहेत. उत्तम खुंटावर रानचा डोळा बांधणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी रोपे मागायला जाणार नाही. देवाने तेच केले, आणि त्या फांदीला मुळाचा रस मिळू लागला. म्हणून परराष्ट्रीयांना तो बजावतो की तू मुळाला पोसत नाहीस, मूळ तुला पोसते, तेव्हा तोडल्या गेलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नकोस. अविश्वासामुळे त्या तुटल्या आणि देव त्यांना पुन्हा जोडण्यास समर्थ आहे, कारण झाड तर त्यांचेच आहे. या इशाऱ्याकडे पाठ फिरवून युरोपातल्या ख्रिस्ती समाजांनी शतकानुशतके यहुद्यांचा छळ केला. विश्वासाने मिळालेल्या नात्याला त्यांनी नव्या कुळाचा गर्व बनवले, आणि पौलाने ज्याची भीती घातली होती तेच पाप केले.

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलाचे काय?

येथे ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत. बाप्तिस्मा म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने होणारा प्रवेशविधी. रोमन कॅथलिक आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या तो तान्ह्या बाळाला देतात, तर बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या मूल मोठे होऊन स्वतः विश्वास कबूल करीपर्यंत थांबतात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यात दोन्ही पद्धतींचे लोक होते आणि दोन्ही पद्धती मान्य करण्यात आल्या. बाळाला बाप्तिस्मा देणारे म्हणतात की देवाची कृपा आपल्या उत्तराच्या आधी येते, हे त्यातून दिसते. थांबणारे म्हणतात की विश्वास ज्याचा त्याने बोलून दाखवायला हवा. जन्म झाला म्हणून मूल आपोआप देवाचे झाले, असे मात्र दोघांपैकी कोणीच शिकवत नाही. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याला पुढे दृढीकरणाच्या वेळी सर्वांसमोर स्वतः कबुली द्यावी लागते.

पण व्यवहारात काय होते ते लपवण्यात अर्थ नाही. आमच्या भागात मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्या कुटुंबांत चौथ्या पिढीचे ख्रिस्ती असल्याचा उल्लेख सहज होतो, आजोबा कोणत्या साहेबांच्या हाताखाली शिकले हे सांगितले जाते, आणि परवा बाप्तिस्मा झालेल्या शेतमजुराला नवीन म्हणून मागच्या बाकावर बसवले जाते. आजोबांची आठवण जपावी, ती कृतज्ञतेची गोष्ट आहे. पण तिच्या आधारे कोणाला पुढे आणि कोणाला मागे बसवणे म्हणजे अंत्युखियातला पेत्र होणे आहे.

विश्वास पुरेसा असेल तर कसेही वागले तरी चालेल?

नाही. प्रेमाने कार्य करणारा विश्वास हाच विश्वास, असे पौल म्हणतो, आणि याकोबाचे पत्र तर कृतीविना विश्वास निर्जीव आहे असे स्पष्ट सांगते. घरात घेतले गेल्यावर त्या घराची रीत अंगी बाणवावी लागते. मात्र रीत पाळून घरात प्रवेश मिळत नाही, प्रवेश आधी मिळतो आणि रीत मागून येते.

जात, दाखला आणि कायदा

विश्वासाने देवाचे होणाऱ्याची जात कुठे जाते, हा प्रश्न सध्या न्यायालयांतही आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्यांना तो नाही. त्यांना द्यावा का, हे तपासण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही, म्हणून मेळघाटातला कोरकू ख्रिस्ती झाला तरी त्याचा जमातीचा दर्जा केवळ त्या कारणाने जात नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की खरी श्रद्धा नसताना निव्वळ आरक्षणाच्या लाभासाठी धर्म बदलल्याचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक ठरेल.

कायदा विचारतो ते पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाबद्दल, आणि त्यासाठी वंश पाहण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. मंडळी विचारते ते विश्वासाबद्दल. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दाखला मागणाऱ्या दलित ख्रिस्ती माणसाला तुझा विश्वास कच्चा आहे असे म्हणणारे दोन्हींची गल्लत करतात. पण यात चर्चला खाली मान घालायला लावणारी एक गोष्ट आहे. धर्मांतरानंतरही आम्हाला जातीचे चटके बसतात, असे दलित ख्रिस्ती सांगतात, तेव्हा ते चटके चर्चच्या आतही बसतात असे त्यांचे म्हणणे असते. लग्नाच्या बोलण्यांत, पाळकाच्या निवडीत आणि काही प्रदेशांत दफनभूमीतदेखील ते दिसते. ख्रिस्तात यहुदी आणि हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे वचन तोंडपाठ असलेल्या समाजाविरुद्धची ही साक्ष आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे.

धर्म जन्माने चिकटतो की माणूस तो निवडू शकतो, हा प्रश्न विदर्भाला परका नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा लाखोंनी तो विचारपूर्वक निवडला. त्यांची वाट वेगळी होती आणि ती ख्रिस्ती विश्वासाच्या खात्यावर मांडणे योग्य नाही. पण जन्मावर निर्णय सोडायचा नाही हे म्हणणे येथील माणसाला सहज समजते, ते या भूमीवर घडलेल्या त्या दिवसामुळेही.

मग पूर्वजांशी नाते तोडायचे काय?

अनेक घरांत खरी धास्ती हीच असते. मुलगा चर्चला जाऊ लागला म्हणजे तो आता आपला राहिला नाही, असे आईला वाटते. बायबलचे उत्तर तसे नाही. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा दहा आज्ञांत आहे आणि ती कुठेही रद्द झालेली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यापूर्वी काही काळ ते नागपुरात राहिले होते. ते जन्माने ब्राह्मण होते, आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी आडनाव टाकले नाही, मराठी टाकली नाही, अभंग आणि ओवीही टाकली नाही. त्यांनी रचलेली भजने आजही खेड्यांतल्या उपासनेत पेटी आणि टाळांवर म्हटली जातात. त्यांनी सोडला तो जन्माने मिळणाऱ्या मोठेपणावरचा हक्क.

पौलानेही आपल्या लोकांना सोडले नाही. माझ्या भाऊबंदांसाठी मीच शापित होऊन ख्रिस्तापासून वेगळा झालो तरी चालेल, इतके टोकाचे त्याने लिहिले आहे. यरुशलेमातले यहुदी विश्वासणारे गरिबीत होते, म्हणून मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून त्याने वर्गणी गोळा केली. देणारे बहुतेक परराष्ट्रीय होते. यहुद्यांच्या आध्यात्मिक ठेव्यात तुम्ही वाटेकरी झालात, तेव्हा संसारी वस्तूंनी त्यांच्या उपयोगी पडणे हे तुमचे देणे लागते, असे त्याने त्यांना समजावले होते. रक्ताचे नाते नसलेल्यांनी भावकीचे ऋण फेडण्यासाठी पाठवलेला तो पैसा घेऊन तो यरुशलेमला गेला आणि मंदिरात पकडला गेला. इफिसच्या त्रफिम नावाच्या परराष्ट्रीयाला त्याने आतल्या अंगणात नेले, असा लोकांचा संशय होता. ते अंगण वेगळे करणाऱ्या कठड्यावर परक्यांसाठी ग्रीक भाषेत इशारा कोरलेला असे, आणि तसा एक दगड 1871 मध्ये सापडला आहे: आत येणारा परका आपल्या मरणाला आपणच जबाबदार राहील. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ताने दोघांना एक केले आणि मधली आडभिंत पाडली, असे वाक्य आहे. ते पत्र लिहिले गेले ते बंदिवासातून.